उन्हात काळी होणारी काच बाईकवर चालते का?

(दुबईत सोनापूरच्या एका कॅम्पमध्ये, रात्रीच्या जेवणानंतर, डिलिव्हरी रायडर भावांसमोर केलेलं हे बोलणं. बोललं तसंच, थोडं नीटनेटकं करून इथं देत आहोत.)



दिवसभर बाईकवर बसून आलात, पाठ मोडलीय, सकाळी पुन्हा लॉगिन करायचंय, तरी बसलात. म्हणून फार लांबण लावत नाही. मधे काही विचारायचं असलं तर हात वर करा, शेवटपर्यंत थांबू नका.

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. काच घासायची, फ्रेममध्ये बसवायची, गिऱ्हाइकाच्या नाकावर नीट बसते का बघायचं, हे माझं काम. दुकानात आपले रायडर बरेच येतात. पाठीवर बॅग, हातात हेल्मेट, आणि बोलणं ठरलेलं: "भाऊ, ती ऊन लागलं की काळी होणारी काच द्या. सावलीत पुन्हा पांढरी होते ती. म्हणजे एकाच चष्म्यात दिवस पण निघेल आणि रात्र पण."

मागणी अगदी बरोबर आहे. सकाळी अकराला बाईकवर बसलेला माणूस रात्री एकला उतरतो. दुपारी ऊन डोळ्यात खुपसतं, संध्याकाळी सूर्य थेट समोर, रात्री समोरच्या गाडीच्या हेडलाइट. मधेच टॉवरच्या बेसमेंटमध्ये उतरायचं, मधेच लिफ्टमध्ये. दर वेळी चष्मा बदलत कोण बसणार? मोबाईलवर ऑर्डरचं घड्याळ पळत असतं. तेव्हा आपोआप बदलणारी काच म्हणजे सोन्याहून पिवळं, असं वाटणारच.

पण दोन गोष्टी सांगायलाच आज आलोय. पहिली ही, की हेल्मेटचा व्हायझर खाली असताना ती काच बहुतेक वेळा काळी होतच नाही. आणि दुसरी, जी पहिलीपेक्षा मोठी आहे: रस्त्यावर डोळे सांभाळायचा सगळा खर्च रायडरच्या खिशातून जावा, असं इथल्या कायद्यात नाही.

आधी काचेचं बघू.

काच काळी कशानं होते

या काचेला फोटोक्रोमिक म्हणतात, आपल्याकडे दुकानात फोटोक्रोमॅटिक म्हणतात, कुणी डे-नाईट म्हणतं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीनं ही काच काढली. तेव्हा खऱ्या काचेत चांदीच्या क्षारांचे बारीक कण असायचे. आता बहुतेक लेन्स प्लॅस्टिकच्या असतात आणि त्यात खास रंगद्रव्य असतं. त्या रंगद्रव्यावर सूर्याचे अतिनील किरण, म्हणजे यूव्ही, पडले की त्याच्या रेणूचा आकार बदलतो आणि ते उजेड अडवायला लागतं. यूव्ही थांबला की ते हळूहळू पूर्ववत होतं.

आता इथं नीट लक्ष द्या. ही काच उजेडानं काळी होत नाही, यूव्हीनं होते. डोळ्यांना दिसणारा लख्ख उजेड वेगळा, आणि न दिसणारा यूव्ही वेगळा.

तुमच्या हेल्मेटचा व्हायझर कशाचा असतो? चांगला व्हायझर पॉलिकार्बोनेटचा असतो. पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक पारदर्शक असलं तरी यूव्ही जवळपास सगळा अडवतं. म्हणजे बाहेर टळटळीत ऊन, तुमचा व्हायझर खाली, आणि आत डोळ्यावर महागडी फोटोक्रोमिक काच. उजेड आत येतोय, डोळे मिटायला लागलेत, पण यूव्ही बाहेरच अडकलाय. काचेला कळणार कसं की ऊन आहे? ती पांढरीच राहते. मोटारीत बसणाऱ्यांचीही हीच तक्रार असते, कारण मोटारीची पुढची काचही बराचसा यूव्ही अडवते.

मग रायडर काय करतो? व्हायझर वर करतो. म्हणजे काच काळी व्हावी म्हणून तोंड उघडं टाकतो. धूळ, वाळू, ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा, सगळ्याला वाट मोकळी. चष्म्याचे पैसे वसूल करायला व्हायझर वर करू नका. व्हायझर खाली ठेवायचा, मग चष्मा कुठलाही असो.

दुकानात एक, रस्त्यावर दुसरंच

दुसरी गोष्ट उष्णतेची. ही काच थंडीत जास्त काळी होते आणि गरमीत कमी. कारण गरम झालं की ते रंगद्रव्य लगेच पूर्ववत व्हायला लागतं. एकीकडून यूव्ही काळं करतोय, दुसरीकडून उष्णता पांढरं करतेय. लेन्स किती काळी होते याचं नेहमीचं मोजमाप २३ अंशांवर घेतात. उष्ण हवामानासाठीची चाचणीसुद्धा ३५ अंशांवर असते. आणि आपल्या इथं जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात खालून डांबराची धग वेगळी.

आता दुकानातला खेळ बघा. एसी लावलेला, आत बावीस-तेवीस अंश. दुकानदार एक छोटी निळी बॅटरी काढतो, नोटा तपासायची असते तसली, काचेवर मारतो, आणि काच झटकन काळीकुट्ट होते. गिऱ्हाईक खूश. यात फसवणूक नाही. काच खरंच तशी होते, एसीत आणि बॅटरीखाली. पण तुम्ही काही एसीत बाईक चालवत नाही.

तेव्हा ही काच घ्यायचीच असेल तर तीन परीक्षा घ्या. पैसे देण्याआधी.

एक, काचेच्या अर्ध्या भागावर कागदाची पट्टी चिकटवा आणि दुकानाबाहेर उन्हात एक-दोन मिनिटं धरा. पट्टी काढा. झाकलेला भाग आणि उघडा भाग यांत फरक किती, ते आपल्या डोळ्यांनी बघा. दोन्ही काचा सारख्याच काळ्या झाल्या का, तेही बघा.

दोन, ती काळी झालेली काच सावलीत आणा आणि मोबाईलवर वेळ लावा. पूर्ण पांढरी व्हायला किती मिनिटं लागतात? काळी व्हायला अर्धा-एक मिनिट पुरतं, पण पांढरी व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो, काही मिनिटं जातात.

तीन, आपलं हेल्मेट सोबत न्या. काच व्हायझरच्या मागे धरा, उन्हात. काळी झाली तर घ्या. नाही झाली तर निदान बाईकसाठी तिचा उपयोग नाही, हे तिथंच कळलं.

ही तिसरी परीक्षा फुकट आहे, पण ती घेणारा रायडर मला क्वचितच दिसलाय.

बेसमेंट आणि बोगदा

पांढरी व्हायला काही मिनिटं लागतात म्हणजे नेमकं काय, ते हिशोबानं बघू.

ताशी ६० किलोमीटरनं जाणारी बाईक एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. ८० नं गेलात तर २२ मीटर. समजा व्हायझर वर आहे, काच छान काळी झालीय, आणि तुम्ही उन्हातून एअरपोर्ट टनेलमध्ये शिरलात. तुमचा डोळा स्वतःही अंधाराला सरावायला वेळ घेतो, त्यावर ही काळी काच. पहिल्या चार-पाच सेकंदांत तुम्ही शंभर मीटरच्या आसपास पुढे गेलेले असता, आणि काच अजून तशीच काळी. पुढच्या गाडीनं ब्रेक मारला तर?

बेसमेंटचं तर रोजचंच आहे. वेग कमी असतो, पण उतार, वळण, ओली फरशी, खांब, आणि समोरून वर येणारी गाडी. उन्हातून एकदम खाली. हिवाळ्यात तर जास्तच, कारण थंड हवेत काच जास्त काळी होते आणि पांढरी व्हायलाही जास्त वेळ घेते. म्हणजे उन्हाळ्यात पुरेशी काळी होत नाही, आणि हिवाळ्यात लवकर पांढरी होत नाही. आपल्याला नेमकं याच्या उलटं हवं असतं.

आणि संध्याकाळ. डिसेंबर-जानेवारीत पाच-सव्वापाचला शेख झायेद रोडनं जबल अलीच्या दिशेनं जाऊन बघा. सूर्य खाली, जवळजवळ समोर, काही दिसत नाही. पण सूर्य खाली गेला की त्याच्या उजेडातला यूव्ही फार कमी होतो. म्हणजे डोळे सर्वात जास्त दिपतात त्या वेळी ही काच आळशासारखी बसून राहते.

काही नव्या काचा दिसणाऱ्या उजेडावरही काम करतात, त्या व्हायझरमागेही थोड्या काळ्या होतात. पण त्या सावलीतही पुरत्या पांढऱ्या होत नाहीत, हलकी छटा राहते. रात्री बाराला अंधाऱ्या गल्लीत व्हिला नंबर शोधताना ती छटासुद्धा जड जाते. काही हेल्मेटला आपोआप काळा होणारा व्हायझरच मिळतो. त्याला यूव्ही थेट मिळतो, म्हणून तो काम करतो. पण तो महाग, आणि बोगद्यातली अडचण त्यालाही चुकलेली नाही.

मग ही काच वाईट का? अजिबात नाही. ज्याला नंबर आहे, जो पायी हिंडतो, साईटवर उघड्यावर काम करतो, त्याला ती सोयीची. बांधकामावर काम करणारे आपले भाऊ इथं बसलेत, तुम्हाला ती चालेल, फक्त गरमीतली मर्यादा लक्षात ठेवा. आणि तिचं आयुष्यही साधारण दोन-तीन वर्षांचं. पुढे ती पिवळट होते, काळी कमी होते. पण बाईकवर हेल्मेट घालून चालवणाऱ्यासाठी जी जादू सांगतात, ती तिथं चालत नाही.

मग बाईकवर काय वापरायचं

साधं आणि स्वस्त उत्तर आहे. बाहेरचा व्हायझर पांढरा, म्हणजे स्वच्छ पारदर्शक. आणि हेल्मेटच्या आत खाली-वर होणारी काळी पट्टी. बाजूला खटका असतो, अंगठ्यानं ढकलला की काळी काच खाली येते, पुन्हा ढकलला की वर जाते. एक सेकंद. बोगदा आला, वर. बेसमेंट आलं, वर. सूर्य समोर आला, खाली. यूव्हीची वाट नाही, उष्णतेची भानगड नाही. बाहेरचा पांढरा व्हायझर तोवर खालीच.

नंबर असेल तर आत नंबरचा साधा पांढरा चष्मा, वरून ही आतली पट्टी. हेल्मेट घेताना चष्मा घालूनच बघा. पट्टी चष्म्याला लागता कामा नये. चष्म्याच्या काड्या बारीक आणि सरळ असाव्यात. जाड काडी हेल्मेटमध्ये कानशिलावर दाबते, दोन तासांत डोकं ठणकायला लागतं आणि मग माणूस चष्माच काढून ठेवतो.

व्हायझरवर गोलात इंग्रजी ई अक्षर आणि शेजारी आकडा असतो. ती युरोपच्या नियमाप्रमाणे तपासणी झाल्याची खूण. त्या नियमाप्रमाणे रात्री वापरायच्या व्हायझरमधून निदान ८० टक्के उजेड आत यायला हवा. काळ्या व्हायझरवर फक्त दिवसा वापरा अशी खूण असते. इंद्रधनुष्यासारखे चमकणारे व्हायझर रात्री घालून फिरणारे भाऊ आहेत, माझी नजर तुमच्यावर आहे. ते दिसायला हिरोसारखं वाटतं, पण समोरचा माणूस दिसत नाही.

गॉगलच घ्यायचा तर तीन गोष्टी बघा.

पहिली, यूव्ही ४०० असं लिहिलेलं हवं. काळेपणा आणि संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काच पांढरी असूनही यूव्ही पूर्ण अडवू शकते. आणि यूव्ही न अडवणारी स्वस्त काळी काच साध्या डोळ्यापेक्षा वाईट, कारण अंधार वाटून बाहुली मोठी होते आणि यूव्ही जास्त आत जातो. वर्षानुवर्षं ऊन, वारा, धूळ खाऊन डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे मांस सरकायला लागतं, त्याला डॉक्टर टेरिजियम म्हणतात. उघड्यावर काम करणाऱ्यांत ते जास्त दिसतं. यूव्हीचा मोतीबिंदूशीही संबंध आहे.

दुसरी, किती काळी? गॉगलला ० ते ४ असे वर्ग असतात. ० म्हणजे जवळजवळ पांढरी, ३ म्हणजे कडक उन्हाची, तिच्यातून ८ ते १८ टक्के उजेड येतो. ४ नंबरची काच गाडी चालवताना वापरायचीच नसते. ती बर्फाच्या डोंगरावरची. जेवढी काळी तेवढी चांगली, हे डोक्यातून काढा. आणि ज्या काचेतून ७५ टक्क्यांपेक्षा कमी उजेड येतो, ती रात्री चालवताना नको.

तिसरी, काच फुटणारी नको. पॉलिकार्बोनेट मागा. सुट्टीवर गावी गेलात की बरेच जण तिकडूनच चष्मा करून आणतात, स्वस्त पडतो म्हणून. आणा, हरकत नाही. पण तिकडे नुसतं "फायबर" म्हटलं की साधं प्लॅस्टिक मिळतं, त्यापेक्षा पॉलिकार्बोनेट मजबूत. आणि जुन्या पद्धतीची खऱ्या काचेची फोटोक्रोमॅटिक बाईकवर कधीच नको. नखानं टिचकी मारली की टणटण वाजते, हाताला गार लागते, जड असते, ती खरी काच. खडा लागला की तिचे तुकडे डोळ्यात.

आणखी दोन फसव्या गोष्टी. पोलराइज्ड गॉगल: चकाकी छान मारतो, पण त्यातून मोबाईलचा स्क्रीन काही कोनात काळा दिसतो, आणि व्हायझरवर रंगीत पट्टे दिसतात. तुमचा सगळा धंदा मोबाईलच्या नकाशावर. घ्यायच्या आधी आपला मोबाईल, आपण हँडलला लावतो तसा आडवा-उभा धरून, त्यातून बघा. दुसरी, रात्रीसाठी म्हणून विकतात तो पिवळा चष्मा. त्यानं रात्री जास्त दिसत नाही. उलट, येणाऱ्या उजेडातला थोडा तो खातो. रात्री हेडलाइट फुटून पसरल्यासारखी दिसत असेल तर आधी व्हायझर बघा, त्यावर ओरखडे असतील. मग नंबर तपासा. चाळिशी ओलांडली असेल आणि हँडलवरचा नकाशा धूसर दिसत असेल, तर तो वयाचा नंबर आहे, लाजायचं कारण नाही.

व्हायझर कोरड्या फडक्यानं पुसू नका. वाळूचे कण काचेवर घासतात आणि महिन्यात व्हायझर आंधळा होतो. आधी पाणी, मग मऊ फडकं.

खर्च कुणाचा

आता दुसरी गोष्ट. इथं बरेच जण अशा कंपनीच्या व्हिसावर आहेत, जी मोठ्या ॲपला रायडर पुरवते. टी-शर्ट ॲपचा, पगार दुसऱ्याकडून. काही मागायला गेलं की ॲपवाला म्हणतो कंपनीला विचार, कंपनीवाला म्हणतो ॲपला विचार.

कागदावर उत्तर सरळ आहे. तुमच्या लेबर कॉन्ट्रॅक्टवर ज्याचं नाव मालक म्हणून आहे, तो तुमचा मालक. यूएईचा २०२१ चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्याच्या १३ व्या कलमात मालकाची कर्तव्यं दिलीत. कामातल्या धोक्यांपासून कामगाराचा बचाव होईल अशी साधनं पुरवायची, हे त्यांतलं एक. तिथं गॉगल असा शब्द लिहिलेला नाही, हेही खरं. पण बाईकवर बारा तास काम करणाऱ्याला ऊन, वाळू आणि उडणारा खडा हे कामातलेच धोके आहेत. ओरखडे पडलेला व्हायझर बदलून मागणं ही मेहेरबानी मागणं नव्हे.

आणि मागायचं काय, तेही नेमकं ठरवा. "गॉगल द्या" म्हटलं की साहेब हसतो. म्हणा: आतली काळी पट्टी असलेलं, तपासणीची खूण असलेलं हेल्मेट. ओरखडे पडले की नवा पांढरा व्हायझर. वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी. तीनच गोष्टी. ज्यांचा खर्च एका अपघाताच्या मानानं काहीच नाही, हे साहेबालाही कळतं.

मागणी तोंडी करू नका. व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर करा, व्हायझरचा फोटो जोडा, तारीख राहू द्या. प्रत्येकानं आपापली करा, शब्द साधे ठेवा, भांडणाची भाषा नको. इथं युनियन नाही आणि काम बंद पाडणं अंगाशी येऊ शकतं. पण नम्र शब्दांत लिहून सुरक्षेचं साधन मागितलं, तर तो कागद उद्या तुमच्या बाजूनं बोलतो.

दिलेल्या वस्तूचे पैसे पगारातून कापले तर? पगारातून काय काय कापता येतं, त्याची यादी २५ व्या कलमात आहे. सुरक्षेच्या साधनाची किंमत हे कारण त्या यादीत नाही. तुमच्या चुकीनं कंपनीची वस्तू मोडली तर कापता येतं, पण त्यालाही महिन्याला पाच दिवसांच्या पगाराची मर्यादा आहे. म्हणून पगाराची चिठ्ठी दर महिन्याला नीट वाचा आणि तिचा फोटो काढून ठेवा.

काम करताना डोळ्याला इजा झाली, तर सरळ इमर्जन्सीत जा आणि तिथं स्पष्ट सांगा की ऑर्डर घेऊन जाताना झालं. ते रिपोर्टमध्ये लिहून घ्या. ॲपमधला त्या ऑर्डरचा स्क्रीनशॉट ठेवा. ३७ व्या कलमाप्रमाणे कामावरच्या इजेचा उपचार मालकाच्या खर्चानं होतो. आणि उपचार चालू असताना सहा महिन्यांपर्यंत पूर्ण पगार, त्यापुढे गरज लागली तर आणखी सहा महिने अर्धा.

पण इथंच आपल्या काचेचा विषय परत येतो. कंपनीनं सुरक्षेच्या सूचना नीट लावलेल्या असतील आणि कामगारानं त्या उघड उघड मोडल्यानं इजा झाली असेल, तर भरपाई नाकारायची वाट कायद्यात आहे. रात्री काळा व्हायझर, किंवा व्हायझर वर आणि वेग ऐंशी, असं रिपोर्टमध्ये आलं, तर ती वाट तुम्हीच त्यांना उघडून दिलीत. म्हणून पांढरा व्हायझर खाली ठेवायचा. तो डोळ्यासाठी आहे आणि हक्कासाठीही आहे.

तक्रार करायची वेळ आलीच तर कामगार मंत्रालयाचा नंबर ६००५९००००. कोर्टात जावं लागलं तर एक लाख दिरहमपर्यंतच्या दाव्याला कामगाराला फी नाही. आणि कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर भारतीय वकिलातीच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा फुकट नंबर ८००४६३४२. हिंदीत बोलता येतं. जे फ्रीलान्स परवान्यावर आहेत, कुणाच्या नोकरीत नाहीत, त्यांना या कायद्याचं छत्र तसंच मिळत नाही. त्यांनी सही करण्याआधी करार कुणाकडून तरी वाचून घ्यावा. कुवेत, कतार, ओमानमध्ये जे वाचत असतील, त्यांना काचेचं गणित हेच लागू, कायदा मात्र तिथला वेगळा, तो तिथं विचारावा.

शेवटचं

मागे बसलेल्या एका भावानं मघाशी विचारलं, "मी ती काच घेऊन बसलोय, पैसे वाया गेले का?" नाही रे. ती वापर. बाईकवरून उतरल्यावर, सुट्टीच्या दिवशी, गावी गेल्यावर शेतात. तिचा यूव्हीचा बचाव चांगलाच असतो. फक्त बाईकवर तिच्या भरवशावर राहू नकोस, आणि तिच्यासाठी व्हायझर वर करू नकोस.

आपल्यातले बहुतेक जण इथं कर्ज काढून आलेत. एजंटचे पैसे, घराचे हप्ते, बहिणीचं लग्न. लायसन्स काढताना डोळ्यांची तपासणी झाली, ती पास झाली म्हणून हातात हँडल आलं. उद्या नूतनीकरणाला डोळा कमी पडला तर हँडल जाईल. हातपाय शाबूत असूनही माणूस घरी बसेल. म्हणून डोळ्यावर होणारा खर्च चैन समजू नका, आणि तो सगळा एकट्यानं सोसायचा असतो असंही समजू नका.

उद्या सकाळी निघताना एकच करा. हेल्मेटचा व्हायझर पाण्यानं धुवा, आकाशाकडे धरून बघा. ओरखडे दिसले तर फोटो काढा आणि कंपनीला पाठवा. लिहायला जमत नसेल तर माझ्याकडे या, मी इथं बसलोय, दोन ओळी लिहून देतो.

चला, चहा आलाय. सांभाळून चालवा.